न्हाणीघरातील बुरशी आणि भाड्याचे घर

आपल्याकडील जुन्या घरांत न्हाणी बहुधा मुख्य वास्तूपासून थोडी दूर, परसदारी असे. पायाखाली एक दगडी फरशी, भोवती आडोशापुरत्या भिंती, वर असलेच तर अर्धे छप्पर. सांडलेले पाणी पन्हळीतून केळी-अळवाच्या वाफ्यात जाई आणि उरलेला ओलावा ऊन व वारा घेऊन जात. बंगालमधील खेड्यांत आणि केरळातील जुन्या मोठ्या घरांत स्नान आवारातल्या तळ्यावरच उरकले जाई. शहरांतील चाळींनी या न्हाणीचे रूपांतर खोलीच्या कोपऱ्यातील मोरीत केले. पुढे सदनिकांच्या इमारती आल्या तेव्हा ती चार भिंती, एक दार आणि हातभर झरोका अशा स्वरूपात घराच्या मध्यभागी येऊन बसली. सोय झाली यात शंका नाही. पण पूर्वी जे पाणी घराबाहेर सुकत असे ते आता घराच्या आत सुकू लागले, किंवा खरे सांगायचे तर पुष्कळदा सुकेनासेच झाले. न्हाणीघराच्या कोपऱ्यांत, छताशी आणि फरश्यांच्या सांध्यांत दिसणारे काळे-हिरवे ठिपके हा या स्थलांतराचाच एक परिणाम होय.

स्वतःच्या घरात राहणारा मनुष्य भिंत फोडून नळ बदलू शकतो, झरोका मोठा करू शकतो, छताला नव्याने गिलावा देऊ शकतो. भाडेकरूला यांपैकी काहीही करण्याची मुभा नसते. शिवाय त्याचा करार पुष्कळदा अकरा महिन्यांचा असतो. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी अधिनियमान्वये सक्तीची असल्याने ही अकरा महिन्यांची चाल देशभर रूढ झाली. ज्याला त्या घरात एकच पावसाळा काढावयाचा आहे त्याला भिंतीच्या आयुष्याची चिंता कमी, आणि ज्याची भिंत आहे तो तेथे राहत नाही. अशा स्थितीत बुरशी निवांतपणे वाढते. भाडेकरूपुढे मग दोन प्रश्न उभे राहतात: ही बुरशी घालवावी कशी, आणि ती घालवणे हे मुळात कोणाचे काम? या दोहोंचे उत्तर एका तिसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे, तो म्हणजे भिंतीवरचे पाणी कोठून आले. पुढील विवेचन मुख्यतः या तिसऱ्या प्रश्नाचे आहे.

बुरशी म्हणजे काय

बुरशी हा मळ नव्हे. ती सजीव आहे. कवक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फार मोठ्या सृष्टीतील ती एक लहान शाखा. तिचे शरीर म्हणजे केसाहूनही बारीक तंतूंचे जाळे. हे तंतू चुन्याच्या, गिलाव्याच्या किंवा लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून पसरतात आणि वर आलेल्या टोकांवर असंख्य बीजाणू धरतात. आपल्याला दिसणारा काळा किंवा हिरवा रंग बहुतेक वेळा या बीजाणूंचा असतो. म्हणजे डाग दिसू लागतो त्यापूर्वीच खालचे जाळे तयार झालेले असते. ओल्या फडक्याने डाग पुसला आणि आठ दिवसांनी तो त्याच ठिकाणी, त्याच आकारात उमटला, असा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना याचे कारण यावरून कळेल.

बीजाणू हवेत सर्वत्र असतात. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत पेनिसिलियम या बुरशीचा एक बीजाणू योगायोगाने येऊन पडला आणि त्यातून पेनिसिलीनचा शोध लागला, ही कथा सर्वश्रुत आहे. तसे बीजाणू आपल्या घरात दररोज येत असतात. त्यांना अडवणे अशक्य आहे, आणि तसे करण्याची गरजही नाही. त्यांना लागणारे अन्नही फार थोडे: साबणाचा थर, अंगावरून निघालेली त्वचेची भुकटी, रंगातील डिंक वा तेल, दाराच्या चौकटीचे लाकूड. ऊब तर आपल्या हवामानात बाराही महिने आहे. उरते ते पाणी. भिंतीच्या पृष्ठभागालगतची आर्द्रता दीर्घकाळ सुमारे ८० टक्क्यांच्या वर राहिली की बीजाणू रुजू लागतात; त्याखाली ती आणून ठेवली की वाढ थांबते. बुरशीच्या सर्व गरजांपैकी आपल्या हाती असलेली गरज ही एवढीच.

येथे दोन गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. नळाच्या कडेला किंवा बादलीच्या बुडाशी धरणारा गुलाबी, बुळबुळीत थर हा बहुधा बुरशीचा नसून जीवाणूंचा असतो. तो घासून धुतल्याने जातो व भिंतीच्या आत शिरत नाही. भिंतीच्या तळाशी येणारी पांढरी, भुसभुशीत भुकटी हीही बुरशी नव्हे. तो लोणा. भिंतीतून झिरपणारे पाणी विटांतील व सिमेंटातील क्षार बाहेर आणून सोडते, त्याचे हे कण असतात. पाण्याचा थेंब टाकला की ते विरघळतात, बुरशी विरघळत नाही. लोणा स्वतः निरुपद्रवी असला तरी साक्षीदार म्हणून फार मोलाचा आहे, कारण भिंतीच्या आतून पाणी येत असल्याचे तो सांगतो.

तीन प्रकारचे पाणी

न्हाणीघरातील पाणी तीन वाटांनी भिंतीवर येते. पहिले आपण वापरलेले व उडालेले पाणी, दुसरे वाफेतून जमलेले दव, आणि तिसरे नळातून, वरच्या मजल्यावरून किंवा बाहेरील भिंतीतून झिरपलेले.

पहिल्या प्रकाराविषयी थोडे गणित मांडून पाहू. समजा, न्हाणीघर दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद व अडीच मीटर उंच आहे. त्यात साडेसात घनमीटर हवा मावते. चार माणसांची स्नाने झाल्यावर भिंती व जमीन मिळून दहा चौरस मीटर पृष्ठभाग ओला झाला, आणि त्यावर पाण्याचा थर मिलिमीटरचा केवळ दहावा भाग जाडीचा आहे असे धरले, तरी ते पाणी भरते एक लिटर. आता मुंबई, कोची किंवा कोलकाता येथील जुलैमधील हवा घ्या. तापमान २८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के. या तापमानाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम बाष्प मावते, आणि त्यातील २३ ग्रॅम तिने आधीच घेतलेले असते. उरलेली जागा चार ग्रॅमची. म्हणजे न्हाणीघरातील सगळी हवा मिळून फक्त तीसएक ग्रॅम पाणी घेऊ शकेल, आणि एक लिटर पाणी वाळवण्यासाठी आतली हवा तीसहून अधिक वेळा पूर्णपणे बदलावी लागेल. याउलट नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी, तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असताना, तीच साडेसात घनमीटर हवा एका खेपेस ३०० ग्रॅम पाणी उचलते. तीन-चार वेळा हवा बदलली की काम झाले.

‘खिडकी उघडी ठेवा, बुरशी येणार नाही’ हा उपदेश त्यामुळे अर्धाच खरा आहे. तो कोरड्या हवेच्या देशांतील पुस्तकांतून आपल्याकडे आला असावा. किनारपट्टीच्या पावसाळ्यात खिडकी उघडल्याने वाफ बाहेर जाते, आणि तेवढ्यासाठी ती उघडावीच. पण भिंतीवरचे पाणी नुसत्या खिडकीने जात नाही. ते हाताने काढावे लागते. रबरी पट्टीचा वायपर आपण जमिनीपुरता वापरतो. शेवटच्या स्नानानंतर तोच भिंतीवरून वरून खाली दोनदा फिरवला आणि कोपरे जुन्या पंचाने टिपून घेतले, तर त्या एक लिटरपैकी बराच मोठा भाग दोन मिनिटांत मोरीत जातो. हवेवर पडणारा भार तेवढा हलका होतो. बुरशीनाशक म्हणून बाजारात जे जे मिळते त्यापेक्षा पावसाळ्यातील हा वायपर अधिक उपयोगी आहे, असे माझे मत आहे. पंचा मात्र आत वाळत घालू नये. पावसाळ्यात न्हाणीघरातच दोरी बांधून कपडे वाळवण्याची सवय अनेक घरांत, विशेषतः एका खोलीत राहणाऱ्यांत, नाइलाजाने असते. हाताने पिळलेल्या बादलीभर कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी तरी त्याच हवेत उतरते. शक्य असेल तर ते कपडे बाहेरच्या खोलीत, छताच्या पंख्याखाली वाळवावेत.

दुसऱ्या प्रकारचे पाणी हा उत्तर भारतातील हिवाळ्याचा प्रश्न. दिल्ली, लखनौ किंवा चंडीगढ येथे जानेवारीत बाहेरील बाजूची भिंत १२ अंशांपर्यंत थंडावलेली असते. गरम पाण्याच्या स्नानाने आतली हवा २२ अंशांची आणि वाफेने भरलेली होते. तिच्या प्रत्येक घनमीटरात सुमारे १९ ग्रॅम बाष्प असते. ही हवा भिंतीला टेकली की थंड होते, आणि १२ अंशांच्या हवेत जेमतेम पावणेअकरा ग्रॅम मावते. उरलेले बाष्प भिंतीवर दव होऊन उतरते. म्हणून तेथे बुरशी छताच्या कोपऱ्यांत व उत्तरेच्या भिंतीवर, म्हणजे जेथे पाणी कधी उडतच नाही अशा जागी दिसते, आणि लोक चकित होतात. या ऋतूत बाहेरची हवा थंड असली तरी तिच्यातील बाष्प थोडे असते, त्यामुळे खिडकी व पंखा येथे खरोखर गुण देतात. हवा बाहेर फेकणारा पंखा स्नानानंतरही वीस-तीस मिनिटे चालू ठेवावा, आणि दाराखाली बोटभर फट असू द्यावी. आत हवा येण्यास वाट नसेल तर पंखा नुसता फिरत राहतो.

वायुवीजनाचा विषय निघालाच आहे तर गॅसवर पाणी तापवणाऱ्या बंबाविषयी सांगितले पाहिजे. हा बंब बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, हे बुरशीच्या दृष्टीने वाईट आहेच. पण प्राणवायू अपुरा पडला की त्याच ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीच्या दिवसांत बंद दाराआड स्नान करताना माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात त्या यामुळेच. भाड्याच्या घरात असा बंब आत बसवलेला आढळला तर तो बाहेर हलवून घेतल्याखेरीज वापरू नये.

तिसऱ्या प्रकारचे पाणी सर्वांत फसवे. आपल्या इमारतींत न्हाणीघराखालची लादी काही इंच खोल घेतात, तीत नळ टाकून विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि वर फरशी बसवतात. फरशीच्या सांध्यांतील सिमेंट झिजले, किंवा पाणी बाहेर नेणाऱ्या जाळीखालचा सांधा सुटला, की पाणी या कोब्यात साठते आणि महिनोन्महिने खालच्या घराच्या छतातून पाझरते. वरच्या घरी त्याची गंधवार्ताही नसते. अशा ओलीची खूण म्हणजे पिवळसर तपकिरी कडा असलेला डाग, फुगलेला रंग, लोणा, आणि कुटुंब आठ दिवस गावी जाऊन आले तरी न वाळलेली भिंत.

दव आणि झिरप यांतील फरक ओळखण्याची एक सोपी रीत आहे. भिंतीचा डागाजवळचा भाग फडक्याने कोरडा करावा, त्यावर वीतभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवावा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात. एक-दोन दिवसांनी पाहावे. प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगावर पाणी जमले असेल तर ते हवेतले. आतल्या अंगावर, भिंतीच्या बाजूस, थेंब दिसले तर ते भिंतीतून आलेले. एका किनारपट्टीच्या शहरात भाड्याने राहत असताना आमच्या न्हाणीघराच्या छतावर असाच एक डाग होता. मालकांचे म्हणणे, तुम्ही पाणी फार गरम घेता. आमचे म्हणणे, छत गळते. दोन पावसाळे हा वाद चालला आणि त्या काळात आम्ही तो डाग निदान सहा वेळा घासून काढला. शेवटी एका शेजाऱ्यांनी ही प्लास्टिकची युक्ती सांगितली. तिसऱ्या दिवशी आतल्या बाजूस टपोरे थेंब होते. मालकांनी ते स्वतः पाहिले, वरच्या मजल्यावरील जाळीखालचा सांधा भरून घेतला, आणि नंतर एकदा पुसलेला तो डाग पुन्हा आला नाही. वादापेक्षा थेंबांनी काम लवकर केले.

प्रकृतीवरील परिणाम

जागतिक आरोग्य संघटनेने घरांतील ओल व बुरशी यांविषयी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये खोकला, श्वास घेताना होणारी घरघर, दमा आणि श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक प्रमाणात आढळतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. लहान मुले, दमेकरी व ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे अशांना त्रास अधिक. २०२१ साली करोनाच्या साथीत ‘काळी बुरशी’ हा शब्द देशभर भीतीने उच्चारला गेला आणि अनेकांनी तो न्हाणीघरातील काळ्या डागांशी जोडला. तो संबंध चुकीचा आहे. त्या रोगाचे, म्हणजे म्यूकरमायकोसिसचे, कवक निराळे. त्याने मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना गाठले, आणि त्याच्या नावातील काळेपणा मृत झालेल्या ऊतींचा आहे. भिंतीवरील डागाला त्या भीतीने पाहू नये. मात्र तो डाग म्हणजे केवळ दिसण्याचा प्रश्न आहे, असेही समजू नये.

डाग काढताना

एक चौरस मीटरपर्यंतचा डाग घरच्या घरी काढता येतो. त्याहून मोठा पसारा असेल, किंवा गिलावा हाताला भुसभुशीत लागत असेल, तर आधी गवंडी पाहिजे. काम करणाऱ्याने हातमोजे घालावेत, नाकातोंडावर मास्क बांधावा. दमेकऱ्याने हे काम करू नये आणि मुलांना त्या वेळी तेथून दूर ठेवावे. कोरड्या ब्रशाने डाग खरवडणे ही सर्वांत सामान्य चूक होय, कारण तसे केल्याने लाखो बीजाणू हवेत उधळतात. प्रथम पाणी शिंपडून डाग भिजवावा, मग साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासावा, धुवावा, पुसावा आणि पंख्याने पूर्ण वाळवावा. चकचकीत फरश्यांवर पुष्कळदा एवढे पुरते.

डाग उरलाच तर ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, सोळा भाग पाण्यात एक भाग या प्रमाणात लावून दहा-पंधरा मिनिटांनी धुऊन टाकावे. त्याहून तीव्र द्रावणाने लाभ नाही. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर ब्लीच फसवते. वरचा रंग उडतो, पण औषध छिद्रांत खोल जात नाही, पाणी मात्र जाते, आणि आतल्या तंतूंना ते पाणीच हवे असते. व्हिनेगर फरशीवर उपयोगी पडते. परंतु कोटा, कडाप्पा आणि संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत आणि कोणत्याही आम्लाने त्यांची झिलई जाते. भाड्याच्या घरात ती गेली तर भरपाई अनामत रकमेतून होते, हे ध्यानात ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शौचकूप व फरशा स्वच्छ करण्यासाठी जे ‘ॲसिड’ आपल्याकडे बाटलीतून विकले जाते ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. बाजारातील तयार शौचालय-द्रवांतही पुष्कळदा तेच असते. ब्लीच आणि हे आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली रणांगणावर जो वायू सोडला गेला तोच हा. अडीच-तीन चौरस मीटरच्या बंद खोलीत, गुडघ्यांवर बसून फरशी घासणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांना तो काही क्षणांत इजा करतो. हे दोन द्रव मुद्दाम मिसळण्याचीही आवश्यकता नसते. एक न धुता दुसरे ओतले तरी पुरते. अमोनिया असलेल्या काच-पुसण्याच्या द्रवाबरोबरही ब्लीचचा विषारी वायू होतो. म्हणून एका दिवशी एकच द्रव वापरावा, खिडकी उघडी ठेवावी, आणि घरकामाला येणाऱ्या बाईंच्या हाती या बाटल्या देण्यापूर्वी हे त्यांना नीट समजावून सांगावे. धोका बहुतेक वेळा त्यांच्याच वाट्याला येतो.

टबाच्या किंवा वॉश-बेसिनच्या कडेचे सिलिकोन एकदा आतून काळे पडले की ते घासून पांढरे होत नाही. ते कापून काढावे आणि सांधा कोरडा करून नवे भरावे. फुगलेल्या जिप्समच्या छतालाही हाच न्याय लागू पडतो, कारण त्यावरील कागद हे बुरशीचे आवडते खाद्य आहे. डांबराच्या गोळ्या आणि कापूर वास झाकतात, एवढेच. ओलावा शोषणाऱ्या क्षाराच्या डब्या कपाटात ठीक; न्हाणीघरातील लिटरभर पाण्यापुढे त्यांचा टिकाव लागत नाही.

चुना आणि रंग

आपल्या जुन्या घरांना दरवर्षी चुना लावण्याची जी चाल होती ती केवळ शोभेसाठी नव्हती. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यावर बुरशी सहसा रुजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू त्याचे पुन्हा चुनखडीत रूपांतर होते, अल्कधर्मीपणा उतरतो आणि संरक्षण संपते. म्हणूनच तो पुन्हा पुन्हा लावावा लागे. चुना निघू नये म्हणून त्यात डिंक किंवा सरस घालत, तेव्हा नकळत बुरशीच्या अन्नाचीही सोय होई. खळीला कसर व बुरशी लागू नये म्हणून बांधणीकार तीत मोरचूद घालतात, हे ग्रंथालयांशी परिचय असलेल्यांना ठाऊक असेल. कोकण, गोवा व कर्नाटकातील सुपारीचे बागायतदार कोळेरोगापासून झाडे वाचवण्यासाठी फवारतात ते बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुनाच. शास्त्र एकच, फक्त माडी-सुपारीच्या बागेतून ते भिंतीवर आले. आता बुरशीरोधक द्रव्य घातलेले तयार रंग मिळतात व ते चांगले आहेत. पण ओल्या भिंतीवर आणि जिवंत डागावर कोणताही रंग लावणे हे केवळ पांघरूण घालणे होय. मे महिन्यात नवा भाडेकरू येण्यापूर्वी मारलेला पांढरा हात जुलैअखेर सोलून येतो तो याच कारणाने.

जबाबदारी कोणाची

इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या रॉचडेल या गावी एका निवास-संस्थेच्या भाड्याच्या घरात सुदानहून आलेले एक कुटुंब राहत होते. न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात बुरशी वाढत असल्याची तक्रार वडिलांनी २०१७ पासून केली होती. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा श्वसनविकाराने मरण पावला, आणि घरातील बुरशीचा दीर्घकाळ झालेला संपर्क हे त्याचे कारण असल्याचा निर्णय मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. या कुटुंबाच्या राहण्याच्या पद्धतीबद्दल आपण मनाशी काही गृहीत धरले आणि ते चुकले, अशी कबुली त्या संस्थेला द्यावी लागली. २०२३ मध्ये तेथे नवा कायदा झाला, आणि त्या मुलाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदींचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. सामाजिक भाडेघरांत ओल व बुरशीची चौकशी आणि दुरुस्ती ठरलेल्या मुदतीत करणे आता घरमालक संस्थांना बंधनकारक आहे. ‘तुमच्या सवयींमुळेच हे होते’ हे उत्तर आपल्याकडेही भाडेकरूला नेहमी ऐकावे लागते. कधी ते खरे असते. पाण्याचा उगम न तपासता दिलेले असेल तर ते उत्तर नव्हे.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील १०८ वे कलम मात्र देशव्यापी आहे. कराराने वेगळे ठरलेले नसेल तर, जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती सूचना दिल्यानंतर वाजवी मुदतीत त्याने केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा, अशी मुभा हे कलम देते. त्याच कलमान्वये जागा मिळाली तशी राखून परत करणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे; नैसर्गिक झीज त्यातून वगळली आहे. पण मालकावर कोणती दुरुस्ती बंधनकारक आहे, हे पुष्कळदा करारावरच ठरते. म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये संमत केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमाची दुसरी अनुसूची वाचण्यासारखी आहे. बांधकामाची दुरुस्ती, भिंतींचा चुना व रंग आणि आवश्यक तेव्हा नळ बदलणे हे तीत मालकाकडे दिले आहे. तोट्या व त्यांचे वायसर, मोरीची सफाई, बेसिन आणि बंबाची दुरुस्ती भाडेकरूकडे. हा अधिनियम ज्या राज्यांनी स्वीकारला तेथेच लागू होतो, परंतु त्यातील ही वाटणी कोणत्याही करारात उतरवून घेण्यास हरकत नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची आणि बाहेरील सामाईक नळांची गळती संस्थेच्या खर्चाने, तर घरातील न्हाणीघराची गळती त्या त्या सभासदाच्या खर्चाने दुरुस्त करावयाची आहे. तेव्हा छत गळत असेल तर मालकाला वरच्या सभासदाकडे किंवा संस्थेकडे जावे लागते. भाडेकरूने त्याला लेखी कळवावे, तारखेसह छायाचित्रे जोडावीत आणि पोच ठेवावी.

घर बहुधा कोरड्या ऋतूत पाहिले जाते. त्या वेळी न्हाणीघरात शिरून दार लावून घ्यावे आणि क्षणभर वास घ्यावा. दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग नखाने दाबून पाहावा. तो मऊ असेल तर जमिनीवर पाणी साचते. छतातून खाली येणाऱ्या नळाभोवतीची जागा, बेसिनखालची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीतील कपाटामागची बाजू हातदिव्याने पाहावी. झरोका उघडतो का, आणि कोठे उघडतो, तेही पाहावे. पुष्कळ इमारतींत तो नळांच्या बोळात उघडतो, जेथे गळके सांधे आणि कबुतरांची घरटी यांखेरीज काही नसते, आणि आतल्यापेक्षा बाहेरच ओल अधिक असते. एखाद्याच कोपऱ्यात ताजा रंग दिसला तर त्याचे कारण विचारावे, आणि मिळालेले उत्तर करारात लिहून घ्यावे.